हौसेचा हप्ता

हॉटन हे लेक सुपीरियरच्या बाजूचं, मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेकडचं गाव. तिथल्या तांब्याच्या खाणी कधीच मिटल्या. आता एक तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, अमाप बर्फ आहे, आणि ऑक्टोबरात आसपासच्या जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर भरणारी लेक सुपीरियर परफॉर्मन्स रॅली आहे. तिथून डेट्रॉइट साधारण साडेपाचशे मैल. रॅली संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ते अंतर कापत होतो. पिकअप भाची चालवत होती. शेजारी तिचा मामा, म्हणजे माझा नवरा. मागच्या सीटवर मी, थर्मास आणि दोन हेल्मेटं. ट्रेलरवर 2000 सालची सुबारू इम्प्रेझा, जिचा मूळ रंग निळा आहे असं मला सांगण्यात आलं होतं.

भाची डेट्रॉइटच्या एका उपनगरात मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करते आणि सुट्टीत या इम्प्रेझात चालकाच्या शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवते. तिच्या मामाने उभी नोकरी विमा कंपनीत, मोटार अपघातांचे दावे तपासण्यात काढली. दोघांची जुंपणार हे ठरलेलंच होतं. मार्क्वेट मागे पडेपर्यंत शांतता टिकली ती केवळ मामाच्या हातात पास्टी होती म्हणून. (कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी या भागात आणलेला पदार्थ: मांस-बटाटा भरलेली भलीमोठी करंजी.) शेवटचा घास गेला आणि सुरुवात झाली.

मामा : काल तुम्ही कितवे आलात?

भाची : आमच्या वर्गात चौथे.

मामा : बक्षीस?

भाची : पहिल्या तिघांना. तेही स्मृतिचिन्ह.

मामा : आणि खर्च?

भाची : ते नको विचारूस.

मामा : मी दुसरं काय विचारणार? मला दुसरं येतं काय?

भाची : बरं, ऐक. प्रवेश फी, छोट्या रीजनल फेरीला काही शे डॉलर, मोठ्या फेरीला हजाराच्या वर. खडीवरचे टायर, एकेक दोनशेच्या पुढे, आणि कालच्यासारखे दगड असले की दोन तरी फाटतात. पेट्रोल, मोटेल, हा ट्रेलर. गाडी आम्ही दुसऱ्या एका हौशी जोडीकडून तयार घेतली, कारण आतला लोखंडी पिंजरा नव्याने बसवायचा तर नुसत्या त्याच्या पैशांत एक बरी जुनी मोटार येते. आग विझवायची नळकांडी, मान धरून ठेवणारी हॅन्स, आगरोधक कपडे. आणि पट्टे. ते पाच वर्षांनी बाद होतात.

मामा : फाटतात?

भाची : नाही रे. लेबलवर साल छापलेलं असतं, त्यानंतर चालत नाहीत. वापरलेले असोत की कपाटात ठेवलेले असोत. तपासनीस आधी ते लेबल बघतो.

मामा : या सगळ्या प्रकारात शहाण्या माणसाने लिहिलेला नियम मला हा पहिलाच दिसला.

भाची : नियमांचं पुस्तक जाडजूड आहे.

मामा : असेल. पण त्यात उत्पन्नाचा रकाना नाही. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि मी आयुष्यभर हौसेला मोलच लावत आलो. कुणाला बुलेट उडवायची हौस, कुणाला धरणाच्या भिंतीवर जीप चढवायची. मोल असतंच, पोरी. ते हौस करणाराच भरतो असं मात्र नाही.

हा मुद्दा त्याचा खरा होता, आणि पुढचे चार तास तो त्यालाच धरून राहिला. त्याआधी ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. स्टेज रॅलीत गाड्या एकमेकींना भिडत नाहीत. जंगलातला किंवा काउंटीचा रस्ता काही तास वाहतुकीला बंद करतात आणि मिनिटाला एक अशा गाड्या सोडतात. घड्याळाशी शर्यत. एका स्टेजकडून दुसरीकडे जाताना मात्र हीच गाडी नंबरप्लेट लावून, विमा काढून, वेगमर्यादा पाळून गावातून जाते आणि लाल दिव्याला थांबते. काल एका सिग्नलला आमच्या पुढे अशी एक गाडी उभी होती. तिचा पुढचा बंपर दोरीने बांधलेला होता आणि चालक इमानदारीत डावीकडे वळायचा दिवा देत होता.

मामा : काल पहिल्या ज्या दोनचार गाड्या गेल्या, त्या आणि तुमची, हे एकाच शर्यतीत? तो प्रकारच वेगळा होता.

भाची : एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी. पुढे सुबारूची कंपनीची गाडी, व्हरमाँटच्या कार्यशाळेत बांधलेली. ब्रँडन सेमेनुक चालवतो, 2022 ते 2024 सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेता. मूळचा डोंगरी सायकलवाला. त्याच्यामागे युरोपात बनलेल्या रॅली-टू वर्गातल्या गाड्या, एकेकीची किंमत तुझ्या पुण्याच्या फ्लॅटएवढी. मग आम्ही. आमच्यापर्यंत रस्ता येतो तेव्हा वळणावळणाला गुडघाभर चर पडलेले असतात.

मामा : म्हणजे त्यांच्या तमाशासाठी तुम्ही फी भरता.

भाची : उलट आहे. त्या पाचसहा गाड्यांसाठी कुणी जंगल बंद करेल का? आमच्यासारख्या पन्नास गाड्यांच्या फीवर फेरी उभी राहते. ते लोक फोटोत येतात, आम्ही हिशेबात.

मामा : मग त्या कंपन्यांकडून नीट पैसे घ्या. तिकीट लावा, टीव्हीला विका. जी गोष्ट स्वतःचा खर्च काढू शकत नाही ती धंदा म्हणून उभी करा, नाहीतर बंद करा. मधलं काही नसतं.

भाची : झालं ना ते करून. 2006 साली एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेने रॅली उचलली. लॉस एंजेलिसजवळच्या स्टेडियममध्ये शेवटची स्टेज, थेट प्रक्षेपण. कॉलिन मॅक्रे, जगज्जेता माणूस, उडीवरून गाडी पलटी करून परत चाकांवर आला आणि अर्ध्या सेकंदाने हरला. जिंकला ट्रॅव्हिस पास्ट्राना, मोटारसायकलवर कोलांट्या मारणारा पोरगा. सगळ्या देशाला एकदम कळलं की रॅली नावाचं काही असतं. मग केन ब्लॉक या रॅलीचालकाचे व्हिडिओ आले. पैसे आले. आणि पैशांच्या लक्षात आलं की जंगलात कॅमेरे लावणं महाग, प्रेक्षक चिखलात उभे राहतात, गाडी दहा सेकंद दिसते आणि गेली. स्टेडियममध्ये मात्र सगळं समोर. म्हणून 2011 पासून ग्लोबल रॅलीक्रॉस नावाची मालिका निघाली, बंदरात, पार्किंगमध्ये. प्रायोजक तिकडे गेले. 2017 नंतर तीही बंद पडली.

मामा : आणि पैसे?

भाची : ते जंगलात परत आले नाहीत. पैशांना वाट सापडत नाही, जीपीएस चालत नाही तिथे.

(इथे मामा हसला. मीही. मुद्दा म्हणून तो फारसा टिकणारा नव्हता: सुबारू आजही लाखो डॉलर ओततेच आहे.)

मामा : मग बरं झालं. पैसा हुशार असतो. तुझी ती जुनी संस्था, स्पोर्ट्स कार क्लब, तिने अंग काढून घेतलं असं तूच परवा म्हणालीस.

भाची : एससीसीए. 1973 पासून प्रोरॅली चालवत होते. 2004 नंतर सोडून दिलं.

मामा : का?

भाची : विमा. जोखीम.

मामा : बघ.

भाची : बघते आहे. 2003मध्ये ओरेगन ट्रेल रॅलीत मार्क लव्हेल आणि त्याचा सहचालक रॉजर फ्रीमन गेले. लव्हेल नवखा नव्हता, दोन वर्षं आधीचा राष्ट्रीय विजेता. क्लबचा मुख्य व्यवहार डांबरी ट्रॅकवरच्या शर्यती आणि पार्किंगमध्ये कोन लावून घ्यायच्या शर्यतींचा. त्यांना वाटलं, एका कोपऱ्यातल्या खेळापायी सगळ्या क्लबचा विमा का महागात पाडायचा?

मामा : शंभर टक्के बरोबर निर्णय. मी त्या टेबलावर असतो तर एक वर्ष आधी घेतला असता.

भाची : तू त्या टेबलावर असतास तर मी आज गोल्फ खेळत असते.

मामा : चांगलं असतं.

भाची : मग रॅली अमेरिका आली, ती विस्कटली. 2017पासून अमेरिकन रॅली असोसिएशन. दुसरीकडे नासा रॅली स्पोर्ट — अवकाशवाले नासा नव्हे — ते आपल्या छोट्या फेऱ्या चालवतात. साउथ कॅरोलायनात वाळूत भरवतात त्यात मोटारसायकलीही धावतात. छत बदलत गेलं, मामा. खालची माणसं तीच. मिशिगनमध्ये 1949 साली प्रेस ऑन रिगार्डलेस सुरू झाली, 1973 आणि 74ला तर ती जागतिक मालिकेत होती. टोयोटाचा जागतिक रॅलीतला पहिला विजय इथला, माहितीय? कोरोलामध्ये, वॉल्टर बॉइस नावाच्या कॅनेडियन माणसाने मिळवलेला. नंतर 1986 ते 88 वॉशिंग्टन राज्यातली ऑलिम्पस. त्यानंतर जागतिक रॅली या देशात आलेली नाही. आता टेनेसीतल्या चट्टानूगाकडे आणायची खटपट चालू आहे.

मामा : आणि आली की तुम्हा पन्नास गाड्यांना मागच्या दाराने बाहेर काढतील.

यावर भाची काही बोलली नाही. मला वाटतं, ही भीती तिलाही आहे.

सिनीच्या आधी पंचवीस मैलांचा एक रस्ता लागतो, पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. दोन्हीकडे पाणथळ आणि खुरटी झाडं. इथे रॅली भरवली तर सहचालकाला झोप लागेल असं मी म्हटलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण मामा मुद्द्यावर आला होता.

मामा : तुझा जीव तुझा. तू लिहून दिलंस, सही केलीस, मला पटत नसलं तरी मान्य. माझं भांडण वेगळं आहे. त्या चौफुलीवर तुझी मामी काल दिवसभर ज्या म्हाताऱ्याजवळ बसली होती, त्याला काय मिळतं? फेरीत अपघात झाला आणि गावची ॲम्ब्युलन्स तुमच्याकडे गेली, त्याच वेळी गावात कुणाला हार्टअटॅक आला तर? हप्ता तू भरतेस आणि जोखीम तो उचलतो. आमच्या धंद्यात याला फार सभ्य शब्द नाही.

भाची : ॲम्ब्युलन्सचं उत्तर सोपं आहे. गावची वापरायची नाही, आयोजकांनी वेगळी ठरवायची. ती जागेवर नसेल तर स्टेज सुरूच होत नाही. काल आमची एक स्टेज त्यासाठीच अर्धा तास थांबली. म्हाताऱ्याचं उत्तर सोपं नाही.

ते मी देऊ शकते, निदान अर्धं. काल मी ज्यांच्याजवळ बसले होते ते निवृत्त गृहस्थ हॅम रेडिओवाले. पिकअपच्या टपावर काठीएवढी अँटेना, मांडीवर पुठ्ठ्याला लावलेला कागद. गाडी गेली की नंबर लिहायचा आणि रेडिओवर सांगायचा. मोबाइलला तिथे रेंज नसते. स्टेजच्या सुरुवातीला, शेवटाला आणि मध्ये ठिकठिकाणी असा एकेक माणूस असतो. बत्तीस नंबर त्यांच्यासमोरून गेला आणि पुढच्याने तो पाहिला नाही, तर मधल्या दोन-तीन मैलांत कुठेतरी बत्तीस नंबर आहे. झाडात, खड्ड्यात किंवा नुसता टायर बदलत. इतका साधा हिशेब. गाडीत एक फलक असतो, एका बाजूला ओके, दुसऱ्या बाजूला लाल क्रॉस. क्रॉस दिसला तर मागच्या गाडीने शर्यत सोडून थांबायचं, हा नियम मोडायचा नाही. खबर रेडिओपर्यंत आणायची, मग पुढच्या गाड्या सुरुवातीलाच अडवल्या जातात आणि डॉक्टर आत जातात. जंगलातल्या सगळ्यांचा जीव त्या मांडीवरच्या कागदावर असतो. त्यांना मी विचारलं, याचे किती देतात? ते म्हणाले, एक सँडविच, आणि तेही हॅमचं नसतं. हा विनोद ते गेली कित्येक वर्षं करत असणार.

मामा : फुकट माणसं वापरून चालवलेला खेळ. त्यांना पगार द्या.

भाची : देता येत नाही. हॅमच्या लायसन्सवर बसून पैसे घ्यायला इथल्या संघराज्याच्या नियमांत बंदी आहे. हौशी रेडिओ म्हणजे हौशीच.

मामा : तर मग व्यावसायिक रेडिओ घ्या. उपग्रहाचे ट्रॅकर घ्या. प्रत्येक गाडीत एक डबा, पडद्यावर ठिपका, ठिपका थांबला की घंटा.

भाची : ट्रॅकर आलेत मोठ्या फेऱ्यांत. त्यांचं भाडं फीमध्ये येतं. पण ठिपका चौफुली अडवत नाही. शिकारीला निघालेला माणूस चार चाकांची मोटारसायकल घेऊन आडरस्त्याने स्टेजवर यायला लागला, तर त्याला हात करून थांबवायला कोण? एका फेरीला काही शे माणसं लागतात, मामा. सगळ्यांना पगार दिला तर फी दुप्पट-तिप्पट होईल, आणि आम्ही संपलो. राहतील फक्त ते फ्लॅटच्या किमतीवाले.

मामा : अच्छा! म्हणजे खरा हप्ता ते भरतायत. पैशात नाही, तासांत.

भाची : हो.

मामा : आणि ते किती वर्षांचे आहेत?

भाची : ...साठीच्या पुढचे बरेच.

मामा : तुझी फेरी विम्याने बंद पडणार नाही. वयाने पडेल.

मला हे वाक्य बोचलं, कारण खरं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की हा मरत चाललेला खेळ आहे, गाड्याच येत नसतील. तसं नाही. कोविडनंतर गाड्या वाढल्या आहेत. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये रॅली खेळलेली पिढी आता कमावती झाली. न्यू हॅम्पशरात टीम ओनीलची आणि वॉशिंग्टनात डर्टफिशची शाळा आहे, तिथे शिकून येतात. वाढलेल्या गाड्यांचा परिणाम काय, तर मिनिटाला एक या हिशेबाने साठ गाड्यांना तास लागतो. त्याआधी रस्ता तपासत तीन शून्यांची, दोन शून्यांची, एका शून्याची अशा आयोजकांच्या गाड्या जायच्या, शेवटी मागची झाडलोट करणारी. चालक दहा मिनिटांत जो रस्ता संपवतो त्यासाठी चौफुलीवरचा माणूस चार तास उभा. गाड्या वाढल्या की तोच जास्त वेळ उभा राहतो. स्पर्धकाची हौस वाढते, त्याची वाढत नाही.

मॅकिनॉ पुलावर चाकांच्या जोडीगणिक टोल असतो. ट्रेलरमुळे जास्त पडला, आणि मामाला तो मनापासून आवडला. ज्याचं वजन जास्त त्याने जास्त भरावं. पाच मैलांचा पूल ओलांडेपर्यंत त्याच्याकडे पुढची सूचना तयार होती.

मामा : तू शिकलीस कुठे? शेतात ना?

भाची : एससीसीएच्याच रॅलीक्रॉसमध्ये. ते स्टेडियमवालं नव्हे. गवताच्या मैदानात कोन लावतात, एकावेळी एक गाडी, रोजची गाडी चालते, हेल्मेट तेच देतात. दिवसाचे काही डॉलर. कोन पाडला तर दोन सेकंद दंड, फाटक चुकवलं तर दहा.

मामा : मग तिथेच राहा की! झाड नाही, दरी नाही, जंगल बंद करायला नको, म्हातारे नकोत. हौस तीच, मोल दहावा भाग.

भाची : त्यात मी कुठे आहे? कोन समोर दिसतात, शेजारी बसून वाचायचं काय? माझं काम रस्ता दिसत नाही म्हणून आहे. टेकाडापलीकडे रस्ता डावीकडे जातो की उजवीकडे हे चालकाला दिसत नाही, ते माझ्या वहीत असतं. आदल्या दिवशी हळू गाडी चालवत दोनदा जाऊन लिहिलेलं. पूर्वी इथे तेवढंही नव्हतं. नुसतं आयोजकांचं रूट बुक, बाणांची चित्रं आणि मैलांचे आकडे. वळण किती तीव्र ते तुम्हीच ठरवा, शंभराच्या वेगात. मग स्वीडनहून आलेल्या संगणकी नोंदी वापरायला लागले, आणि मग स्वतःच्या.

मामा : म्हणजे सुरक्षित झालं.

भाची : आणि वेगवानही झालं. दिसत नसलेल्या टेकाडावरून आता कुणी पाय उचलत नाही.

मामा : हे तू माझ्या बाजूने बोललीस.

भाची : मी कुणाच्या बाजूने बोलत नाही. 2023च्या एप्रिलमध्ये ऑलिम्पस रॅलीत एक सहचालक गेली. माझ्याच सीटवरची. मी तिला ओळखत नव्हते.

बराच वेळ नुसता टायरांचा आवाज. मामा असा माणूस आहे की समोरच्याने हातात दिलेला दगड तो मारत नाही.

मामा : त्यानंतर तू फेरीला गेलीस.

भाची : गेले.

मामा : का?

भाची : शेजारी बसून वाचताना डोकं पुढच्या दोन वळणांपुरतं उरतं. ऑफिसात मी एका बिजागरीच्या करकरीवर वर्षभर बैठका घेते. इथे वाक्य उशिरा उच्चारलं तर लगेच कळतं.

मामा : हे कारण नाही. वर्णन आहे.

भाची : असेल. माझ्याकडे वर्णनच आहे.

गेलॉर्डला जेवायला थांबलो. तिथून पूर्वेला तासाभराच्या आत अटलांटा नावाचं खेडं आहे, जॉर्जियातलं शहर नव्हे. इथले लोक त्याला मिशिगनची एल्क हरणांची राजधानी म्हणतात. हिवाळ्यात तिथे स्नो ड्रिफ्ट रॅली भरते. बर्फावर, आणि टायरांना खिळे न लावता, कारण मिशिगनच्या कायद्याला रस्ते खरवडणारे धातूचे खिळे चालत नाहीत. हे ऐकून मामाने काटा खाली ठेवला.

मामा : त्या गावाला हे का हवं आहे? माझ्या गावात कुणी रस्ता बंद करून गाड्या उडवल्या असत्या तर मी पहिला अर्ज केला असता.

भाची : फेब्रुवारीत तिथे दुसरं कोण येतं? मोटेलं भरतात, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक नाश्ता विकून पंपाचे पैसे काढतात. पण तू म्हणतोस तसा अर्ज करणारा असतोच. म्हणून आयोजक आधी घरोघर जातात. स्टेजच्या रस्त्यावर ज्यांची फाटकं उघडतात त्या प्रत्येकाला तारीख, वेळ, फोन नंबर. एखाद्याला त्या दुपारी डायलिसिसला जायचं असेल तर वेळ बदलतात. मग काउंटीच्या रस्तेवाल्यांकडे, मग वनखात्याकडे. संपल्यावर ग्रेडर फिरवून रस्ता पूर्वीसारखा करून द्यायचा, स्वतःच्या खर्चाने. मिझुरीत, पेनसिल्व्हेनियात, सगळीकडे हेच. मेनमध्ये लाकूड कंपन्यांचे रस्ते आहेत, तिथे एका मालकाने जमीन विकली आणि नवा मालक नको म्हणाला की स्टेज नकाशावरून गेली.

मामा : यासाठी काही लेखी हमी?

भाची : पुढच्या वर्षीची? कसलीच नाही. एका माणसाने एका वर्षी जिभेवर ताबा ठेवला नाही, सिग्नल तोडला, कुणाच्या अंगणात कचरा टाकला, की संपलं. सलग वीस वर्षं मिळवलेला रस्ता एका दुपारी जातो.

मला विचाराल तर खेळाचा कणा इथे आहे. कंपनीच्या गाडीत नाही आणि भाचीच्या वहीतही नाही. कुणीतरी ऑगस्टमध्ये, रविवारी, अनोळखी माणसाचं दार ठोठावून त्याच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकत उभं राहतं, तिथे आहे. ते काम करायला कोण तयार होणार, हे विचारल्यावर भाचीने मोबाइलमध्ये डोकं घातलं. स्पर्धकांना दर मोसमात निदान एका फेरीत चौफुलीवर उभं केलं पाहिजे, फीमध्ये सूट देऊन नव्हे, अट म्हणून. हे मी बोलले. भाचीला पटलं नाही. सुट्ट्या उरत नाहीत म्हणाली. मामाला पटलं, पण त्याला माझं पटलं की मला शंका येते.

पुढे गाड्यांवरून थोडी चकमक झाली. 2010मध्ये बिल कॅझवेल नावाच्या माणसाने पाचशे डॉलरला घेतलेली जुनी बीएमडब्ल्यू मेक्सिकोच्या जागतिक रॅलीत नेली आणि आपल्या वर्गात तिसरा आला. ही कथा मामाने कुठेतरी वाचली होती, आणि मग तुम्हालाच एवढे पैसे का लागतात असा त्याचा सवाल. भाची म्हणाली, या कथेने खेळाचं भलं केलं तेवढंच वाटोळंही केलं. गाडी पाचशेची असते, आतला पिंजरा पाचशेत येत नाही. आणि आता ती पाचशेची गाडीही उरली नाही. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशन 2015ला थांबवली. फोर्डने 2018मध्ये अमेरिकेतल्या छोट्या मोटारी गुंडाळायचं जाहीर केलं, त्यात फिएस्टा गेली, जी नवशिक्यांची पहिली गाडी होती. जुन्या इम्प्रेझा मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यांवर खालून कुजल्या. शाबूत सांगाडा मिळवायला लोक ॲरिझोनापर्यंत जातात. जिथे जगाला मोटार शिकवली त्या डेट्रॉइटमध्ये हाताने गिअर टाकायची स्वस्त छोटी गाडी बनत नाही, हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा खरोखर चढला. ती जिथे काम करते तिथे उंच एसयूव्हींच्या दारांच्या बिजागऱ्या होतात.

फ्लिंट आलं तेव्हा अंधार पडला होता. मामा मागे वळून माझ्याशेजारचं हेल्मेट उगाच फिरवून बघत होता.

मामा : तुमच्या पट्ट्यांवर साल कुठलं आहे?

भाची : हेच. डिसेंबरअखेर बाद.

मामा : आणि ती बर्फाची फेरी?

भाची : हिवाळ्यात. पुढच्या वर्षी.

मामा : दोघांचे नवे किती होतील?

भाची : पाचशेच्या वर. बघू, जानेवारीत पगार झाला की.

मामा : आत्ता मागव. बिल मला पाठव.

भाची : म्हणजे पटलं तुला?

मामा : काहीही पटलेलं नाही. मुदत संपलेल्या कागदावर मी कधी सही केलेली नाही, एवढंच. आणि त्या रेडिओवाल्याला सँडविच बरं द्या, कसलं ते.